इसेन्शियल ऑइल चेहऱ्याला लावताय? आधी थेंब मोजा

हेडफोन कानात असेल तर ऐका, आणि बस-लोकलच्या गर्दीत ऐकायला जमत नसेल तर हे आहेच, आजच्या भागाचं लिखित रूप. निवांत वाचा.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न म्हणजे, "टी ट्री ऑइल पिंपलवर थेट लावलं तर चालेल ना?" त्याच्या मागोमाग, "लिंबाच्या इसेन्शियल ऑइलने डाग जातात का?" आणि "नॅचरल आहे, मग साइड इफेक्ट कसा असेल?" हे प्रश्न विचारणारे बहुतेक जण 18 ते 25 वयाचे. खिशात दोन-तीनशे रुपये, हातात 10 मिलीची तपकिरी बाटली आणि डोळ्यासमोर एक रील.

तिन्ही प्रश्नांना मिळून माझं एकच उत्तर आहे. ही तेलं उपयोगाची आहेत, पण थेंब मोजून. न मोजता लावली, तर जे डाग घालवायला बाटली आणली तेच डाग वाढवून ठेवतील. आता हे असं का होतं, ते नीट समजून घेऊ.

नावात तेल, पण हे आपलं तेल नव्हे

लहानपणी संत्र्याची साल कुणाच्या तरी डोळ्यासमोर पिळायचा उद्योग तुम्ही केलाच असेल. सालीतून बारीक फवारा उडतो आणि समोरच्याच्या डोळ्याची आग आग होते. तो फवारा म्हणजे संत्र्याचं इसेन्शियल ऑइल, कुठल्याही प्रक्रियेशिवाय, थेट झाडाकडून. तोच फवारा मेणबत्तीच्या ज्योतीवर मारला की तडतडून ठिणग्या उडतात. म्हणजे हे किती तीव्र आणि किती पटकन पेटणारं प्रकरण आहे ते बघा.

खोबरेल, तीळ, बदाम ही आपली नेहमीची तेलं म्हणजे स्निग्ध पदार्थ. कागदावर थेंब टाका, डाग राहतो. इसेन्शियल ऑइलचा थेंब टाका, थोड्या वेळाने बहुतेक सगळा उडून जातो. कारण त्यात स्निग्धता नाहीच, त्यात आहेत झाडाने स्वतःसाठी तयार केलेली, हवेत उडून जाणारी रसायनं. कीड दूर ठेवायला, बुरशी रोखायला, मधमाशीला बोलवायला झाड ती वापरतं. एका तेलात अशी डझनावारी, कधी शंभराहून जास्त रसायनं असतात.

ही तेलं काढायची मुख्य पद्धत घरोघरी रोज घडते. गवती चहा घालून चहा उकळत ठेवा, वर झाकण ठेवा. झाकणाच्या आतून जे थेंब ओघळतात त्यांना गवती चहाचा वास येतो. वाफेने पानातलं सुगंधी द्रव्य उचललं आणि थंड झाकणावर ते परत पाणी होऊन बसलं. कारखान्यात हेच मोठ्या भट्टीवर होतं, त्याला म्हणायचं ऊर्ध्वपातन. उत्तर प्रदेशात कनौजला अत्तरवाले आजही तांब्याच्या डेगमध्ये फुलं उकळतात, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात नेतात, तेच हे. लिंबू-संत्र्याच्या सालीचं तेल मात्र बहुतेक वेळा साल दाबून, खरवडून काढतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता प्रमाण ऐका. 1 किलो गुलाबाच्या तेलासाठी साधारण 3 ते 4 हजार किलो पाकळ्या लागतात. आजी गुलाबपाणी लावायची आणि तिला काही व्हायचं नाही, हे अगदी खरंय. पण गुलाबपाण्यात तेलाचा जेमतेम अंश असतो आणि बाटलीत असतो टेम्पोभर फुलांचा ऐवज. आजीच्या अनुभवाचा दाखला बाटलीतल्या तेलाला लागू होत नाही, तो एवढ्याचसाठी.

आपल्या खानदेशाची एक गोष्ट

महाराष्ट्राचा या धंद्याशी जुना संबंध आहे, आणि तो फार कुणाला माहीत नसतो. खानदेशात डोंगरउतारावर रोशा गवत उगवतं. त्याचं तेल काढायचा धंदा तिथे एकोणिसाव्या शतकात चांगला जोरात होता. सांधेदुखीला रोशाचं तेल चोळणारे लोक आजही आहेत. परदेशात त्याला पामारोझा म्हणतात, आणि आज महागड्या साबणांच्या, क्रीमच्या लेबलवर हे नाव दिसतं.

पण त्या काळी मुंबई बंदरातून हे तेल जहाजाने तुर्कस्तानकडे जायचं ते मुख्यतः गुलाबाच्या महाग तेलात भेसळ करायला! कारण रोशाच्या तेलात जेरानिऑल नावाचं द्रव्य भरपूर असतं, आणि गुलाबाच्या वासातही तेच एक महत्त्वाचं द्रव्य आहे. नुसत्या नाकाला फरक कळणं अवघड.

यातून आपल्यासाठी घ्यायचं काय, तर वास छान आला म्हणजे तेल अस्सल, असं नाही. ऑनलाइन 150 रुपयांत 'शुद्ध गुलाब इसेन्शियल ऑइल' मिळत असेल तर त्या 3-4 हजार किलो पाकळ्या आठवा आणि हिशोब करा.

त्वचेवर लावल्यावर होतं काय?

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींची भिंत. पेशी म्हणजे विटा आणि मधलं स्निग्ध द्रव्य म्हणजे सिमेंट. पाणी या भिंतीतून सहज आत जात नाही. इसेन्शियल ऑइलचे रेणू मात्र लहान असतात आणि स्निग्ध द्रव्यात विरघळतात, त्यामुळे ते त्या सिमेंटमधून वाट काढतात. म्हणून त्यांचा उपयोगही होतो आणि म्हणूनच त्रासही होतो.

त्रास दोन प्रकारचा. एक म्हणजे साधी जळजळ. तेल जास्त झालं, त्वचा लाल झाली, सोलली. प्रमाण कमी केलं की थांबते. दुसरी ॲलर्जी. ही फसवी असते. सहा महिने एक तेल लावताय, काहीच होत नाही, आणि एक दिवस खाज, पुरळ, सूज. मधल्या काळात शरीराने त्या द्रव्याला शत्रू म्हणून ओळखून ठेवलेलं असतं. एकदा ही ओळख पटली की ती बहुधा आयुष्यभर राहते. मग तेच द्रव्य शाम्पूत असो, परफ्युममध्ये असो, थोड्याशाने सुद्धा त्रास होतो.

आणि आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी फार चटकन चिडतात. पिंपल गेला तरी काळा डाग महिनोन् महिने राहतो, तो याचमुळे. त्वचेला कुठल्याही कारणाने जळजळ झाली, की मागे डाग पडायची शक्यता आपल्याकडे जास्त. गोऱ्या त्वचेच्या इन्फ्लुएन्सरला दोन दिवस लाली येऊन जाईल, तिथे आपल्याला चार-सहा महिने डाग वागवावा लागेल. रील तिची आणि चेहरा आपला!

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाहीये. 1970 च्या दशकात जपानमध्ये बऱ्याच स्त्रियांच्या चेहऱ्यावर तपकिरी-करडे डाग पडायला लागले. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा कारण निघालं रोजच्या वापरातली सौंदर्यप्रसाधनं. त्यांतले काही रंग आणि काही सुगंधी द्रव्यं यांची ॲलर्जी होती. त्या सुगंधी द्रव्यांत इलांग-इलांग आणि चमेलीच्या अर्कासारखे फुलांपासून काढलेले पदार्थही होते. कंपन्यांनी ती द्रव्यं काढून टाकल्यावर असे रुग्ण खूप कमी झाले. फुलातून आलंय म्हणून त्वचा सवलत देत नाही, हे तिथे दिसलं.

कोणतं तेल कशाला?

टी ट्रीपासून सुरुवात करू, कारण पिंपलच्या बाबतीत थोडाफार भक्कम पुरावा आहे तो याचाच. हे झाड ऑस्ट्रेलियातलं, न्यू साउथ वेल्सच्या दलदलीच्या भागातलं. चहाच्या झाडाशी त्याचं नातं नाही. 1990 साली ऑस्ट्रेलियात 124 रुग्णांवर एक अभ्यास झाला. काहींना 5 टक्के टी ट्री तेलाचं जेल दिलं, काहींना पिंपलवरचं नेहमीचं औषध, 5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड. दोन्हींनी पिंपल कमी झाले. टी ट्रीचा गुण यायला वेळ जास्त लागला, पण कोरडेपणा, जळजळ अशा तक्रारी कमी आल्या.

आता यातला आकडा परत वाचा. 5 टक्के! बाटलीतलं तेल 100 टक्के असतं. तुम्ही बाटलीतला थेंब थेट पिंपलवर लावता तेव्हा अभ्यासात वापरलं त्याच्या 20 पट तीव्र लावत असता. मग पिंपल जातो आणि तिथे जळल्याचा डाग राहतो, यात नवल काय?

लव्हेंडर. याची एक प्रसिद्ध गोष्ट नेटवर फिरते. फ्रान्सचा रसायनतज्ज्ञ रेने-मॉरिस गातफॉसे याचा हात प्रयोगशाळेत भाजला, त्याने तो चुकून लव्हेंडरच्या तेलात बुडवला आणि हात बरा झाला. प्रत्यक्षात 1910 साली स्फोटात तो भाजला, नंतर जखमा सडायला लागल्या, आणि तेव्हा त्याने विचारपूर्वक लव्हेंडरचं तेल वापरलं. 1937 मध्ये त्याने 'अरोमाथेरपी' याच नावाचं पुस्तक लिहिलं, आणि हा शब्द तिथूनच रूढ झाला. पण 1910 मध्ये आजच्यासारखी अँटिबायोटिक्स नव्हती, हे विसरू नका. आज स्वयंपाकघरात हात भाजला तर 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. ना लव्हेंडर, ना टूथपेस्ट. भाजलेलं मोठं असेल, फोड आले असतील तर सरळ डॉक्टर. लव्हेंडरचा वास झोपायच्या आधी बरा वाटतो, अंगाला लावायच्या तेलात एक-दोन थेंब ठीक. तेवढंच.

रोशा आणि जिरेनियम ही तेलं त्यामानाने सौम्य समजतात, म्हणून क्रीम-साबणात भरपूर वापरतात. पण जेरानिऑलचीही काहींना ॲलर्जी असते, तेव्हा सौम्य म्हणजे बिनधास्त नव्हे.

दालचिनी, लवंग आणि ओव्याचं फूल हे चेहऱ्यासाठी नाहीत. दालचिनीच्या सालीचं तेल तर इतकं तिखट की जाणकार त्याची मर्यादा एका टक्क्याच्याही खूप खाली ठेवतात. 'ओठ फुगीर दिसण्यासाठी दालचिनी तेल' असली रील दिसली की पुढे सरका. ते फुगणं म्हणजे सूज असते.

नीलगिरी आणि कापूर आपल्याकडे घरोघरी असतात. मोठ्यांनी खोबरेलात घालून अंगाला लावणं वेगळं. पण तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ, छातीवर ही तेलं अजिबात नकोत, आणि पोटात तर मुळीच जाऊ देऊ नका. कापूर आणि नीलगिरी पोटात गेल्याने लहान मुलांना झटके येऊ शकतात. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

लिंबू आणि ऊन

हा भाग कॉलेजला दुपारी गाडीवरून जाणाऱ्यांसाठी. लिंबूवर्गीय फळांच्या सालीत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की उन्हातल्या अतिनील किरणांमुळे ती जागी होतात आणि त्वचा भाजल्यासारखी होते. एक-दोन दिवसांनी लाली, कधी फोड, आणि नंतर गडद तपकिरी डाग. तो डाग काही आठवडे, कधी काही महिने राहतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात बायकांच्या गळ्यावर ओघळाच्या आकाराचे डाग दिसायला लागले. कारण होतं कोलोन. त्यात बर्गामोट नावाच्या इटालियन फळाचं तेल असायचं. कोलोन गळ्यावरून ओघळला, ऊन लागलं, आणि ओघळाचा नकाशा त्वचेवर उमटला. आज परफ्युम बनवणारे बर्गामोट मोजून घालतात किंवा ते घातक द्रव्य काढून टाकलेलं तेल वापरतात.

साल दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलातही ही द्रव्यं असतात. वाफेवर काढलेल्या तेलात जवळपास नसतात, कारण ती जड असतात, वाफेबरोबर वर येत नाहीत. मगाशी लक्षात ठेवायला सांगितलेला फरक तो हाच. बाटलीवर 'कोल्ड प्रेस्ड' लिहिलंय आणि आत लिंबू किंवा बर्गामोट आहे, तर ते लावून किमान 12 तास उन्हात जायचं नाही. त्यापेक्षा चेहऱ्याला लावूच नका, हा माझा सल्ला. आणि हो, अर्धं लिंबू कापून चेहऱ्यावर चोळणं हे सुद्धा याच यादीत. डागांसाठी खरंच काही करायचंय? रोज सनस्क्रीन लावा.

गणित अगदी सोपं आहे

साधारण 20 थेंब म्हणजे 1 मिली. ड्रॉपरप्रमाणे थोडा फरक पडतो, पण घरच्या हिशोबाला हे पुरतं.

10 मिली साध्या तेलात 1 थेंब म्हणजे अर्धा टक्का. नाजूक चेहऱ्याला इथून सुरुवात करा.

10 मिलीत 2 थेंब म्हणजे 1 टक्का. चेहऱ्यासाठी यावर जायची गरज नसते.

10 मिलीत 4 थेंब म्हणजे 2 टक्के. हात, पाय, पाठ यांच्या मालिशला.

10 मिलीत 10 थेंब म्हणजे 5 टक्के. हे फक्त टी ट्री, फक्त पिंपलवर, कापसाच्या काडीने टोकाएवढं. पूर्ण चेहऱ्याला नाही.

10 मिली मोजायला कफ सिरपच्या बाटलीचं मापाचं झाकण वापरा, स्वच्छ धुऊन, कोरडं करून. साधं तेल कोणतं? पिंपल येत असतील तर चेहऱ्यावर खोबरेल टाळा, काहींची छिद्रं त्याने बुजतात. जोजोबा किंवा स्क्वालेन हलकी पडतात. अंगाला तीळ, बदाम, खोबरेल काहीही चालेल.

एक गोष्ट मात्र सर्रास दिसते. गुलाबपाण्यात किंवा कोरफडीच्या पातळ रसात थेंब टाकायचे आणि हलवून फवारायचं. अहो, तेल पाण्यात मिसळत नाही! ते वर तरंगतं आणि चेहऱ्यावर कुठेतरी अख्खा थेंब जसाच्या तसा बसतो. वाफ घेताना भांड्यात टी ट्री टाकणाऱ्यांनो, तुमच्या डोळ्यांनाही हेच लागू.

लावण्याआधी आणि घेण्याआधी

पॅच टेस्ट करा, आणि नीट करा. मिसळून पातळ केलेलं तेल हाताच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून 2 वेळा, आठवडाभर लावा. एका रात्रीत फक्त जळजळ कळते, ॲलर्जी कळायला दिवस लागतात. काही झालं नाही तर मग कानाच्या मागे, आणि मग चेहरा.

बाटली घेताना वनस्पतीचं शास्त्रीय नाव, तेल कोणत्या भागाचं, कोणत्या पद्धतीने काढलं आणि तारीख बघा. 'थेराप्युटिक ग्रेड' या शब्दांवर जास्त पैसे देऊ नका, अशी कुठलीही सरकारी प्रत अस्तित्वात नाही. ते कंपनीनेच स्वतःला दिलेलं सर्टिफिकेट. 'फ्रेग्रन्स ऑइल' लिहिलं असेल तर ते मेणबत्तीसाठी, चेहऱ्यासाठी नाही.

जुनी बाटली वापरू नका. लव्हेंडरमधलं लिनालूल आणि संत्र्या-लिंबातलं लिमोनीन ही द्रव्यं हवेशी संयोग पावली की त्यातून ॲलर्जी करणारे पदार्थ तयार होतात. म्हणून झाकण घट्ट, जागा थंड आणि अंधारी. खिडकीत ठेवलेली वर्षा-दोन वर्षांची बाटली फरशी पुसायच्या पाण्यात जाऊ द्या. तयार क्रीमच्या लेबलवरही लिनालूल, लिमोनीन, सिट्रल, जेरानिऑल, युजेनॉल ही नावं वाचायची सवय लावा. युरोपात ठरावीक प्रमाणाच्या वर असली तर ती छापावीच लागतात, आणि ॲलर्जी असणाऱ्याला त्यातूनच कळतं.

इसब असेल, त्वचा सोललेली असेल, डॉक्टरांनी रेटिनॉइडचं क्रीम दिलं असेल, तर ही तेलं सध्या बाजूला ठेवा. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि त्रास झालाच तर? आधी साध्या तेलाच्या कापसाने ते पुसून घ्या, मग सौम्य साबणाने धुवा. त्यावर दुसरं काही चोळू नका, ऊन टाळा. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. चेहऱ्यावर पुरळ टिकून राहिली तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना ती बाटली बरोबर न्या. मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइडची ट्यूब आणू नका, ती वेगळीच भानगड आहे. त्यावर एक अख्खा भाग करायचाय मला.

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्या शेल्फवर जी बाटली असेल तिचं लेबल आज वाचा. लिंबू आहे का, तारीख काय, आणि तुम्ही आत्तापर्यंत किती थेंब घेत होतात, हे मला कळवा. रूममेट रात्री बाटलीतूनच थेंब काढून पिंपलवर लावत असेल, तर तिला किंवा त्याला हा भाग आत्ताच पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!